पाचपैकी पाच

माझा मुलगा बंगलोरला असतो. इंटरनेटवरून जे फोन होतात, त्यांत आवाज कसा पोचतो ते मोजायचे त्याचे काम. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण हे काम मला समजले, कारण तो ते माझ्यावरच करायचा. फोन ठेवण्याआधी विचारायचा, "आई, आवाजाले किती नंबर? पाचपैकी सांग."

सुरुवातीला मी खरे सांगायची. तीन म्हटले की चौकशी सुरू व्हायची. शब्द तुटला का, घुमला का, उशिरा आला का. बापाच्या तब्येतीची एवढी चौकशी त्याने कधी केली नाही. मग मी सरसकट पाच द्यायला लागले.

नवरा रोलिंग मिलमधून रिटायर झाला तो अर्धे कान तिथेच ठेवून. पुढे लकवा झाला. फोनवरचे त्याला ऐकू येत नसे, म्हणून पोरगा काय बोलला ते मी त्याच्या कानाशी ओरडून सांगायची. त्याला एकच गोष्ट हवी असायची, पोरगा येतो का.

एका मंगळवारी मी तेच विचारले. पोरगा म्हणाला, "शनिवारी मी येणार." मी म्हटले, "बरं. सांगते तुह्या बापाले." लगेच त्याने नंबर विचारले. मी पाच दिले.

शनिवारी न्हाव्याला घरी बोलावून नवऱ्याची दाढी केली. नवा सदरा घातला. शेजारच्या दोघांनी उचलून त्याला क्वार्टरच्या व्हरांड्यात, रस्त्याकडे तोंड करून बसवले. पोरासोबतच जेवीन म्हणून तो उपाशी राहिला. चार वाजता मी फोन लावला.

"मी तर येणार नाही म्हटलं होतं," पोरगा म्हणाला. "तू बरं म्हणाली."

तेवढा एक "नाही" वाटेत पडला होता. त्यानेच मला कधी तरी समजावले होते की आवाजाचे बारीक तुकडे करून पाठवतात, आणि एखादा हरवला तर मशीन ती जागा अशी बुजवते की ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. आपल्या बोलण्यात "नाही" शेवटी येते. मला पत्ता लागला नाही.

नवऱ्याने सदरा काढायला सांगितले. पुन्हा त्याने पोराचे विचारले नाही. महिनाभरात तो गेला, तेव्हा पोरगा विमानाने आला.

प्रत्येक फोनला मशीनही आपले नंबर देते, हेही त्यानेच सांगितले होते. तेरवीनंतर मी पोराला विचारले, त्या फोनला मशीनने किती नंबर दिले होते. त्याने कॉम्प्युटर उघडून पाहिले.

"दोन."

"मंग परत फोन कावून नाही केला?"

"तू पाच दिले होते ना आई. माणसाचा नंबर पक्का धरतात."

खोटे मीच बोलले होते, ते नाकारत नाही. पण तो शब्द पोचला असता तरी पोरगा आला नसताच.

आता त्याला ताकीद दिली आहे, "नाही" आधी बोलायचे. तो तसेच बोलतो. "नाही येणार, आई." एक अक्षर तुटत नाही. मी पाच देते, आणि आता ते खरे असतात.