कबुतरांचा रकाना नव्हता

नकला करणं हा माझा एकमेव गुण, तोही शाळेत मार खाऊन कमावलेला. समाजकार्याच्या कॉलेजात गेलो तेव्हा नगरच्या एका दवाखान्यात, मनाच्या आजारांच्या ओपीडीत मला फील्डवर्कला टाकलं. पेशंटशी बोलायचं, फॉर्म भरायचा, मॅडमना दाखवायचा. मॅडम म्हणजे तिथल्या समाजसेविका. हसायला लागल्या की त्यांचा चहा सांडायचा.

एक दिवस नागापूरच्या कारखान्यातला लेथवाला आला, बायकोला घेऊन. दोन महिने झोप नाही, जेवण नाही, कशात लक्ष नाही. मी सगळं विचारलं. एकच रकाना राहिला, जीव द्यायचे विचार येतात का? मला भीती, विचारलं आणि तेच त्याच्या डोक्यात शिरलं तर?

शेवटी घसा खाकरून म्हणालो, "दादा, तसलं काही नाही ना?"

"न्हाई, न्हाई."

मी खुशीत 'नाही' लिहिलं.

मग मॅडमसमोर त्याची नक्कल सुरू केली. मान खाली, बोटं गुडघ्यावर. "कबुतरं हुती सायेब माझ्याकडं, लई जीव त्यांच्यावर. परवा मेव्हण्याला देऊन टाकली, कोल्हारला. आता मोकळा झालो."

मॅडमचा कप हवेतच थांबला. "हे फॉर्मवर कुठंय?"

"कबुतरांचा रकाना नाही, मॅडम."

"गाढवा, एवढं जिवापाड जपलेलं कुणी उगाच देऊन टाकतं का? आता तुझी नक्कल कर. कसं विचारलंस?"

केली. 'नाही' म्हण रे बाबा, अशी विनवणीच वाटत होती ती.

"विचारल्यानं कुणी मरत नाही. सरळ विचार. पळ!"

दोघं औषधाच्या खिडकीशीच होते. धापा टाकत म्हणालो, "दादा, मघाशी मी नीट विचारलं नाही. जीव द्यावासा वाटतो का?"

त्यानं हातातली औषधाची चिठ्ठी खाली केली. मग म्हणाला, "व्हय. कुनी इचारलंच न्हाई." बायकोनं त्याचा हात घट्ट धरला.

पुढचं सगळं मॅडमनी आणि डॉक्टरांनी शांतपणे विचारलं. त्याच दिवशी त्याला ॲडमिट केलं.

तीन महिन्यांनी तो तपासणीला आला, दाढी केलेला, गाल भरलेले.

"कबुतरं?" मी विचारलं.

"मेव्हण्यानं खुराडं उघडं ठेवलं की! आठवड्यात माझ्याच पत्र्यावर."

मग मी त्या रकान्यावर आलो; मॅडम शेजारीच चहा घेत बसल्या होत्या. सरळ विचारलं, तसले विचार येतात का?

त्यानं मान तिरकी केली, माझ्यासारखा घसा खाकरला आणि माझ्याच रडक्या आवाजात म्हणाला, "दादा, तसलं काही नाही ना?"

मॅडमचा सगळा चहा माझ्या फॉर्मवर.

"आता न्हाई येत वं," तो हसत म्हणाला. "पर इचारत जा."

मी दुसरा फॉर्म घेतला.