छताचा चौथा कोपरा

माझ्या धाकट्या मावशीला सगळी गल्ली टाचणीमावशी म्हणते. जन्मभर तिने लोकांचे कपडे शिवले आणि जन्मभर तिच्या ओठांत टाचण्या. त्यामुळे ती तोंडाच्या एका बाजूने बोलते आणि समोरचा निमूट ऐकून घेतो. उगाच हसवलं आणि बाईने टाचणी गिळली तर काय घ्या! हात सोन्याचे, पण हट्टी म्हणाल तर विचारू नका. ज्याचं माप घेता येतं ते आपल्याला येतं, एवढंच तिचं शास्त्र. त्या जोरावर तिने छत्र्या दुरुस्त केल्या, सोफ्याला कव्हरं घातली, एकदा तर शेजाऱ्यांच्या कुत्र्याला कोट शिवला. कुत्रा तो अंगात घालून दोन हिवाळे मिरवला.

तर या बाईने एक दिवस जाहीर केलं, की मोठीच्या खोलीत छताला नक्षीची पट्टी लावायची.

मोठी म्हणजे थोरली मावशी. पडून कंबर मोडली तेव्हापासून पलंगावर उताणी. कूस बदलायची तरी टाचणीला हाक मारावी लागते. बहिणी तीन, त्यातली मधली माझी आई. मी शाळेतसुद्धा जात नव्हते तेव्हा ती गेली. तिचा चेहरा मला आठवतो तो फोटोतलाच. मला वाढवलं ते या दोघींनी.

"दिवसभर बिचारी ते छतच बघते," टाचणी म्हणाली. "मी उशीच्या अभ्र्याला काठ लावते, मग छताला नको?"

मी म्हटलं, हे तुझं काम नाही, माणूस बोलव. हो-नाही करत तिने पीओपीवाल्याला बोलावलं. तो आला, शिडी लावली, तीन कोपऱ्यांची मापं भराभर घेतली. चौथा कोपरा मोठीच्या उशाशी, पलंगाच्या बरोबर वर. तिथे तो थांबला. वर तळहात धरला, काढला, पुन्हा धरला.

"वर काय आहे हो?"

"गच्ची," टाचणी म्हणाली.

"मग इथे वारं कुठून येतंय? थांबतंय काय, येतंय काय..." तो खाली उतरला. "कोपरा काटकोनात नाहीये. पूर्ण भरून काढावा लागेल. आणि पलंग बाहेर काढा दोन दिवस."

"तो भरायचा नाही," पलंगावरून मोठी शांतपणे म्हणाली. "मधली तिथून येते."

पीओपीवाल्याने टेप गुंडाळला, फोन करतो म्हणाला आणि शिडी तिथेच विसरून गेला. त्याचा फोन काही आला नाही. शिडीसुद्धा न्यायला आला नाही.

दुसऱ्या कुणाच्या अंगावर काटा आला असता. मला मात्र संताप आला. माझी आई येणार आणि हिच्याकडे येणार? मी काय मेले होते?

"काय म्हणते गं ती?" मी तिरसटासारखं विचारलं.

"काल तू जेवली नाहीस म्हणते. वाढलेल्या ताटावर कुकरचं झाकण पालथं घातलंस आणि ओट्याला टेकून रडत बसलीस."

मी तीन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. दार-खिडक्या लावलेल्या होत्या. का रडले ते माझं मला, त्याच्याशी कुणाला काय करायचंय. डोळे सुजलेले कुणालाही दिसतील, तेही सोडा. पण कुकरचं झाकण?

"पुरे!" मी ओरडले. मग टाचणीकडे वळले. "दुसरा माणूस आण आणि आधी तो कोपरा बुजव. आजच्या आज."

टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढल्या. असं ती डॉक्टरसमोर करते, नाहीतर कुणी गेलं तर.

"दुसरा आणला तरी तो भरणारच. तीन कोपरे करून चौथा सोडला तर त्याची शोभा होईल. सोडायचा असेल तर मलाच करायला हवं."

"आणि बुजवायचा असेल तर?"

"तरी मलाच. तिच्या तोंडावर दार लावायला परका माणूस कशाला?"

झालं, ठरलं. पुढच्या आठवडाभरात तिने थर्माकोलच्या हलक्या पट्ट्या आणल्या, चिकटवायची पेस्ट आणली, कोपऱ्यातल्या तिरप्या कापासाठी कागदी फर्मा काढला. एवढं करून पहिल्या कोपऱ्याचे दोन्ही तुकडे एकाच बाजूचे कापले. जोडून बघते तर तोंडं उलटीच!

"मेलं, दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या," असं म्हणून ती स्वतःच इतकी हसली, की मोठीपण पलंगावर गदगदली. पेस्ट वाळेपर्यंत पट्टी धरून ठेवायला तिच्याकडे तिच्या टाचण्या होत्याच.

परक्याच्या शिडीवर चढायचं नाही, हा तिचा हट्ट, म्हणून ती टेबलावर उभी, दुसरं टोक धरून मी स्टुलावर. त्या स्टुलाचा एक पाय माझ्या लहानपणापासून तोकडा. खाली कागदाची घडी घातली तरी डुगडुगायचा. दर खेपेला मी भिंतीला धरायची आणि टाचणी ओरडायची, "अगं कार्टे, नीट उभी राहा, खाली कोण धरणारे तुला!"

दुपारपर्यंत तीन कोपरे झाले. मग आम्ही पलंग भिंतीपासून जरा ओढून टेबल आणि स्टूल त्याच्या दोन बाजूंना लावलं.

वारं होतं. खोटं नाही बोलत. माझ्या मनगटावर येत होतं, गार आणि बारीक. पंखा बंद होता. मी काही बोलले की थांबायचं, गप्प झाले की पुन्हा यायचं. दोनदा मी मुद्दाम बोलून बघितलं. तिसऱ्यांदा धीर झाला नाही.

टाचणीने शेवटचा तुकडा हातात घेतला. लावला नाही.

"बोल. लावू की ठेवू? आई तुझी आहे."

आठवडाभर मी बुजव बुजव म्हणून तिचं डोकं खाल्लं होतं. मला भीती वाटत होती, फार वाटत होती. आणि त्या वाऱ्यातून हातही काढवत नव्हता.

"ठेव," मी म्हटलं. "नको लावूस मावशी. राहू दे उघडा."

खालून मोठी हसली.

"ती म्हणते, लावून टाका," मोठी म्हणाली. "आता उघडा कशाला? ती आत आलीये."

टाचणीने माझ्याकडे बघितलं. खोलीत इकडे-तिकडे बघितलं नाही. तुकडा कोपऱ्यात बसवला. नेमका बसला, केसाचीही फट नाही. तिने एक टाचणी टोचली, मग दुसरी. मी दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरली. वारं थांबलं होतं.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की भिंतीला न धरता मी चवड्यांवर उभी आहे आणि स्टूल हलत नाहीये. जराही नाही. मोठी पलंगावर होती. टाचणी पलीकडे टेबलावर होती.

मी खाली बघितलं नाही.

"झालं गं, उतर," टाचणी म्हणाली.

"अजून एक टाचणी लाव ना मावशी," मी म्हटलं. "सावकाश लाव. मला घाई नाही."