मुका स्पीकर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझी प्रत्येक गोष्ट माझ्याआधी माहीत असते. आता सांगतोय, कारण गप्प राहून राहून थकलोय. बस, इतकंच.

बालाघाटला कोर्टाच्या मागे माझं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर वकील बसतात. दुरुस्त केलेला अ‍ॅम्प पूर्ण आवाजात तासभर चालवल्याशिवाय भरवसा येत नाही, आणि आवाज केला की वरून माणूस खाली आलाच म्हणून समजा. म्हणून मी एक मुका स्पीकर बनवला होता. म्हणजे काय — जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवलेले चार मोठे रेझिस्टन्स. स्पीकरच्या जागी ते जोडायचे. अ‍ॅम्पला वाटतं स्पीकर लागलाय. सगळी ताकद पत्रा तापवण्यात जाते, आवाज शून्य. साधी वस्तू. फक्त तिची वायर स्क्रूनं आवळायची, नुसती सोल्डर करायची नाही, कारण रेझिस्टन्स इतका तापतो की सोल्डर वितळतं. मला माहीत नव्हतं का? होतं. दुसऱ्यांना मीच सांगायचो. पण मापाचा स्क्रू सापडेना, उन्हानं जीव गेला होता, आणि — जाऊ द्या.

मिलिंद आणि प्रशिक हे सख्खे भाऊ. मिलिंद गायचा, धाकटा प्रशिक गिटार वाजवायचा. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमासाठी मिलिंदनं नागपूरहून जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प आणला होता; अ‍ॅम्प वेगळा, स्पीकरचा डबा वेगळा. थोडी घरघर होती म्हणून माझ्याकडे आला. मी घरघर काढली, मुका स्पीकर जोडला, आवाज पूर्ण उघडला आणि चहाला गेलो. जी वस्तू मुकीच, ती मध्येच तुटली तर कळणार कसं? परतलो तर जळका वास. सोल्डर वितळून वायर लोंबत होती. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प काही न जोडता चालला की आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. तो जळला होता. तसला दुसरा नागपुरातही मिळाला नाही.

संध्याकाळी दोघे भाऊ आले. मिलिंदनं विचारलं, "काहून जळला, भाऊ?"

चार शब्दांचं काम होतं. पण बाजारात माझ्या हाताचं नाव होतं, आणि त्या नावाचा मला फार अभिमान होता. मी म्हणालो, "घरी कोनं तरी स्पीकरची वायर न लावताच चालू केला असन. तवाच कमजोर झाला, आज गेला."

म्हणजे पाहा — जे झालं होतं तेच सांगितलं. फक्त माणूस बदलला.

मिलिंदनं भावाकडे पाहिलं. प्रशिक नाही म्हणेल, भांडेल, असं मला वाटलं होतं. वाटलं होतं, की तसं मला हवं होतं? तो बराच वेळ आठवत राहिला. मग हळूच म्हणाला, "मीच केला असन, दादा."

त्या जयंतीला गिटार वाजली नाही. पुढे मिलिंदनं त्याला कार्यक्रमात घेतलंच नाही. याच्या हाती वस्तू द्यायची सोय नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. तेही माझ्या दुकानात बसून, माझ्यासमोर. मी मान हलवायचो. प्रशिकनं गिटार सोडली आणि मलाजखंडला खाणीच्या ठेकेदाराकडे कामाला लागला. मुका स्पीकर मात्र मी दुसऱ्याच दिवशी नीट केला. चारही स्क्रू नवे आणले.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली.

गेल्या महिन्यात प्रशिक घरची म्युझिक सिस्टम दुरुस्तीला घेऊन आला. काम झालं, मी बटणाकडे हात नेला, तर त्यानं थांबवलं. वाकून स्पीकरची वायर पाहिली, ओढून पाहिली, पुन्हा पाहिली.

"मले माह्या हाताचा भरवसा नाही, भाऊ," तो म्हणाला आणि थोडं हसला.

मी बटण दाबलं.