दुसऱ्या पदकावरचं नाव

बेंबळीतल्या त्या घरात झोपलेल्या माणसाला हात लावून उठवत नाहीत. उंबऱ्यात उभं राहून मूठभर ज्वारी अंगावर फेकायची आणि पटकन बाजूला सरायचं. बलभीमचं लग्न झालं तेव्हा पहिल्याच सकाळी नवरीला वाटलं, अक्षता अजून संपल्याच नाहीत. गल्ली वर्षभर हसली.

ही रीत बलभीमच्या आजोबांमुळं पडली. सिद्धलिंग ब्रह्मदेशच्या लढाईतून आला तो तसाच. झोपेत कुणी शिवलं की मारतच उठायचा. बायकोचा जबडा त्यानं मोडला. लेक सारजाबाई लहानपणी रांगत त्याच्या पायाला लागली, तर उचलून भिंतीवर आपटली. तिचा डावा हात अजून वाकडा आहे.

असल्या आजोबांचं नाव गावच्या कमानीला द्यायचं बलभीमच्या मनानं घेतलं. एसटीतला रिटायर कंडक्टर. जन्मभर दुसऱ्यांना पुढं सरकवलं, आता स्वतः पुढं सरकायची हौस. पंचायत राजी झाली. फक्त दगडावर कोरायला आजोबांचा पराक्रम मागितला.

बलभीमनं ट्रंकेतली दोन पदकं काढून चिंचेनं घासली. कडेवर इंग्रजी नावं दिसली. एकावर सिद्धलिंग. दुसऱ्यावर पाशामियाँ, पलटण तीच.

"आत्या, हा पाशामियाँ कोण गं?"

पंचाहत्तरीची सारजाबाई शेंगा फोडत होती.

"तुझ्या आज्याचा, आमच्या दादांचा दोस्त. जळकोटचा. दादांनीच मारलं त्याला. जाताना मला एकटीला सांगून गेले."

मग तिनं सगळं सांगितलं. अंधारात जपानी सरपटत यायचे आणि झोपलेल्यांचे गळे चिरून जायचे. म्हणून खंदकात आवाज बंद, पहारा बदलायचा तर पाय दाबून उठवायचं. पाशामियाँनं पाय दाबला. सिद्धलिंगनं झोपेतच संगीन त्याच्या पोटात घातली, आणि शिकवल्यासारखी फिरवली. ओरडलं तर गोळ्या येणार, म्हणून पाशामियाँनं पटक्याचं टोक तोंडात कोंबलं. आतडी ओंजळीत धरून तो उजाडेपर्यंत दोस्ताच्या मांडीवर तडफडला. साहेबानं ते मरण जपान्यांच्या नावावर टाकलं. गावी आल्यावर सिद्धलिंगनं पाशामियाँच्या बायकोला एवढंच सांगितलं, "माझ्या मांडीवर गेला." पुढं टपालानं आलेलं नवऱ्याचं पदक त्या माउलीनं सिद्धलिंगच्याच हातात ठेवलं, भाई म्हणून.

"आता कमान?" बलभीमनं विचारलं.

"गप ठिवायचं आसंल तर ठिव. म्या ठिवलंच की इतकी वर्षं. न्हायतर त्याची लेक हाय अजून, जैनबबी. जा आन् सांग."

बलभीमला भाकर गिळेना. गल्लीत कुणी विचारलं तर म्हणायचा, पित्त झालंय. शेवटी पदक खिशात घालून तो जळकोटला गेला.

बापाचं तोंडही न पाहिलेली जैनबबी अंगणात बाजेवर बसली होती. नातू आसिफनं चहा दिला. बलभीमनं कप तसाच खाली ठेवला.

"मावशी, तुमच्या वडलांना जपान्यानं न्हाय मारलं. माझ्या आज्यानं मारलं. झोपंत."

म्हातारीनं पदक हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"लगीच गेले का?"

खोटं बोलायला इतकी सोपी जागा बलभीमला नोकरीतसुद्धा मिळाली नव्हती.

"न्हाय," तो म्हणाला. "उजाडंपर्यंत."

बाजेला टेकवलेली काठी कधी उचलली ते दिसलंच नाही. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानावर. आसिफनं तिचा हात धरला.

"छोड मेरेकू," म्हातारी फिस्कारली.

"सोड रे त्यांना," बलभीम म्हणाला आणि होता तिथंच बसून राहिला.

तिसऱ्या फटक्यानं भुवई फुटली. रक्त चहाच्या कपात टपकलं. म्हातारी थांबली ती दम संपला म्हणून. छाती भात्यासारखी हलत होती, काठी अजून मुठीत होती.

"उद्या ये," ती म्हणाली. "माझं झालं न्हाय अजून."

दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून आमचा बलभीम पुन्हा जळकोटच्या गाडीत बसला. स्टँडवर सरपंच भेटले, त्यांना त्यानं खिडकीतूनच सांगितलं, कमानीवर दुसऱ्या कुणाचंही नाव टाका.