गाडी सुस्थितीत मिळाली, सही करा

मंडळी, तासाभरापूर्वीच पोलीस ठाण्यातून घरी आलेय आणि राग अजून उतरलेला नाही.

आम्ही फरीदाबादला राहतो. माझा नवरा समीर इंजिनिअर आहे. त्याने एक जुनी इटालियन टू-सीटर कार घेतली आणि सहा वर्षं दर रविवारी खपून स्वतःच्या हाताने दुरुस्त केली. ती आम्हाला विकणारा माणूस गेल्या वर्षी फसवणुकीच्या केसमध्ये सापडला आणि पोलिसांनी पुरावा म्हणून आमची गाडी जप्त केली. आज कोर्टाचा आदेश घेऊन आम्ही ती आणायला गेलो.

डावा दरवाजा चेपलेला, समोरची काच तडकलेली. समीरने आत बसून किल्ली फिरवली, पण गाडी सुरू झाली नाही. मीटरवर जप्तीच्या कागदातल्या आकड्यापेक्षा चारशे किलोमीटर जास्त होते.

मी हवालदारांना विचारलं, "जब्त गाड़ी चली कैसे?"

"मीटर ख़राब होगा, मैडम. गाड़ी मिल रही है ना? साइन करो."

गाडी सुस्थितीत मिळाली, असं कागदावर आधीच छापलेलं होतं. समीर खाली नुकसान लिहायला लागला, तसा त्यांनी कागद ओढून घेतला. "फिर गाड़ी यहीं रहेगी."

"यार, इथे राहिली तर उरलीसुरलीही जाईल," समीर मला म्हणाला आणि त्याने सही केली. शेवटी गाडी क्रेनने ओढून घरी आणली.

पोलिसांच्या ताब्यात गाडी मोडली तर जबाबदार कोण? आणि तुम्ही असता तर सही केली असती का?