मागनं माणसं यायचीत

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कुणी गेलं आणि तात्या आले नाहीत, असं कधी घडलं असेल तर तो माणूस नीट गेलाच नसणार. निदान आमच्या वस्तीवर सगळ्यांची तशी खात्री होती. तात्या हे माझ्या वडिलांचे लांबचे भाऊ आणि आमचे शेजारी. आमच्या डाळिंबाच्या बागेला लागून त्यांची पेरूची बाग. बाग बरी होती, पण तात्यांचा खरा व्यवसाय मयतींना जाण्याचा. घरातल्या दारामागे खुंटीला इस्तरी केलेला पांढरा शर्ट कायम टांगलेला असायचा. तो त्यांनी लग्नात घातलेला कुणी पाहिला नाही. लग्नालाच ते सहसा जात नसत. "लग्नाला काय, बोलवल्याली माणसं येत्यातच," ते म्हणायचे. "जितं बोलवणं नसतंय, तितं जायला पायजे."

पेरू घेऊन बारामतीच्या मार्केटला गेलेला हा माणूस येताना वाटेतला एखादा दहावा उरकून यायचा. कुणाचा, हे कधी कधी त्यांनाही तिथं पोचल्यावरच कळायचं. नदीकाठचा मांडव दिसला की मोपेड आपोआप वळते, असं ते सांगायचे. पिंडाला शिवणाऱ्या कावळ्यांबद्दल त्यांची पक्की मतं होती. नीरेकाठचा कावळा साखर कारखान्याच्या जवळपास वाढलेला, त्याला भाताचं कौतुक नाही. धरणाच्या पाण्याकडचा कावळा मासे खाऊन माजलेला. त्यातल्या त्यात कळस गावाकडचा कावळा गरीब आणि वेळेवर येणारा. दहाव्याच्या मांडवात पुढारी माईक धरून मयत माणसाऐवजी स्वतःबद्दल बोलायला लागला की तात्या मागून मोठ्यांदा खोकायचे. त्या खोकल्याला पुढारी घाबरत.

पण ते स्वतः काय करायचे, हे मला फार उशिरा कळलं. मी नववीत असताना वडिलांचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि भावकीतल्या एका घरी दुखवट्याला बसायला जायची पाळी माझ्यावर आली. मी बारामतीच्या इंग्रजी शाळेत जाणारी; घरात चार माणसं आली तरी आतल्या खोलीत पळणारी. तात्यांच्या मोपेडवर मागे बसून मी वाटभर एक वाक्य जुळवत होते. आधी ते इंग्रजीत सुचलं, मग मराठीत आणलं, तेव्हा ते बँकेच्या पत्रासारखं झालं. दाराशी तात्यांना विचारलं, "तात्या, काय बोलायचं?" ते म्हणाले, "कायबी न्हाय. बसायचं." आणि आत जाऊन ते भिंतीकडेच्या सतरंजीवर बसले. शेजारच्यांना म्हणाले, "सरका जरा, मागनं माणसं यायचीत." ते प्रत्येक घरी असंच म्हणायचे. मागून कुणी येणार असो वा नसो, आधी जागा करून ठेवायची. त्या दुःखातल्या घरालाही मग वाटायचं की कुणीतरी अजून यायचंय.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी भाकरी-पिठलं करून आणतात, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. घरच्यांना तो गिळवत नाही. त्या दिवशी त्या घरातली म्हातारी ताटाकडे नुसती बघत बसली होती. तात्यांनी तिच्या ताटातलं पिठलं बोटानं चाखलं आणि चेहरा कडू केला. "आक्का, लई वाईट झालंय पिठलं. गुठळ्याच गुठळ्या. तरी खा." म्हातारी रडता रडता हसली आणि तिनं घास घेतला. घरी आल्यावर ते पिठल्याचं सगळं वर्णन काकींना ऐकवत बसले, कारण पिठलं खरंच वाईट होतं आणि त्या बाबतीत तात्या खोटं बोलत नसत.

काकी म्हणजे त्यांची बायको. त्या कुठंच जात नसत. बाग, गोठा आणि ओसरी एवढंच त्यांचं जग. "तुमचा शर्ट धुऊन धुऊन माझी हाडं झिजली," असं म्हणत त्या तो दर खेपेला धुवायच्या आणि निळीच्या पाण्यातून काढायच्या. तात्या त्यांना ऐकवायचे, "झिजू दी. तुझ्या मयतीला दोन तालुक्यातनं माणसं येत्याल, ट्रॉल्या भरून. मी एवढा फिरतोय कशापायी?" काकी म्हणायच्या, "आन् त्यांच्या भाकरी कोण थापणार, मी?" ही त्यांची नेहमीची थट्टा होती. पण थट्टेखाली तात्यांचा हिशोब खरा होता. आपण गेलो की लोक येतात, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

मग परदेशातून तो रोग आला. आधी टीव्हीवर आला, मग पुण्यात, मग आमच्या फाट्यावर. तिथं वस्तीतल्या पोरांनी ट्रॉली आडवी लावली आणि वर बाभळीच्या फांद्या टाकल्या. मी पुण्याचं हॉस्टेल सोडून आले, तेव्हा मलाच त्या फांद्यांपाशी तासभर उभं केलं होतं. मयतीला मोजकीच माणसं, असा वरून हुकूम आला आणि तात्यांवर आभाळ कोसळलं. एकदा ते पांढरा शर्ट घालून निघाले, तर तालुक्याच्या हद्दीवर पोलिसानं अडवलं.

"कुठं चाललाय, बाबा?"

"दहाव्याला."

"कुणाच्या?"

"ते तितं गेल्यावर कळंल की."

पोलिसानं त्यांना मोपेडसकट मागे वळवलं. तेव्हापासून ते शर्ट घालून ओसरीवर बसायचे आणि फोनवरून माणसांना भेटायचे. तेही त्यांना जमेना. फोन लावला की आधी सरकारी सूचना, आणि त्या सूचनेच्याही आधी कुणीतरी खोकायचं. "आपण रडायला फोन लावायचा, तर आधी ह्यो खोकतोय," तात्या चिडून म्हणायचे. "दुखवट्यात खोकायचं काम माझं हाय."

अशातच एका सकाळी काकींच्या छातीत दुखायला लागलं. अंगात थोडी कणकण होती, त्यामुळे गाडीवाला तयार होईना. मग तयार झाला, पण दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. कणकण होती म्हणून नाकातला नमुना घेतला आणि काकींना तिथूनच, अंगावर प्लास्टिक घातलेल्या माणसांनी स्मशानात नेलं. पुण्यातली त्यांची मुलगी पास मिळेपर्यंत निघू शकली नाही. तात्या अँब्युलन्समधून एकटे परत आले. ते आत गेले आणि त्यांच्या वाटेवर पंचायतीच्या माणसांनी बांबू आडवा बांधून लाल फीत लावली.

त्या दुपारी वस्तीवर एकही घर असं नव्हतं जिथं पिठलं झालं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण नंतर लोक म्हणाले की आमची वस्ती भ्याली. भ्याली हे खरंच. पण चुली पेटल्या होत्या. आईनं माझा शाळेतला डबा भरला. त्याच्या झाकणावर मी सातवीत नेलपेंटनं इंग्रजीत नाव लिहिलं होतं. वडील तो घेऊन बांबूपर्यंत गेले आणि तिथं ठेवून परत आले. सगळेच तिथपर्यंत गेले. बांबूखाली डब्यांची रांग लागली. हाक कुणीच मारली नाही. प्रत्येकाला वाटलं आधीच्यानं मारली असेल. आणि हाक मारली तर तात्या जवळ येतील, ही भीतीही होती.

मी गच्चीवरून बघत होते. तात्या येण्याआधी फवारणीचा ट्रॅक्टर आला. डाळिंबावर औषध मारायचा तो ब्लोअर, त्यात त्या वेळी सरकारी जंतुनाशक भरलेलं. ड्रायव्हरनं तोंडाला टॉवेल गुंडाळला होता. त्याला फितीपासून घरापर्यंत फवारायला सांगितलं होतं, आणि त्यानं फितीपासून घरापर्यंत फवारलं. डबे त्याला दिसले की नाही, मला माहीत नाही. पाण्याचा पांढरा लोट त्यांच्यावरून गेला.

आवाजानं तात्या बाहेर आले. अंगात तो शर्ट होता. वाकून एकेक डबा बघितला. कुठला कुणाचा, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. असले डबे त्यांनी जन्मभर पाहिले होते. मग सरळ उभे राहून, कुणाकडेच न बघता, मोठ्यांदा म्हणाले, "आरं, झाकणं तरी घट लावायची!" चार-पाच खेपा करून त्यांनी सगळे डबे आत नेले.

काकींचा रिपोर्ट फितीचा रंग उडाल्यावर आला. त्यांना तो रोग नव्हताच.

पुढे सगळं उघडलं. तात्यांनी घरोघरी जाऊन डबे परत दिले. रिकामा डबा देऊ नये म्हणून प्रत्येकात थोडी साखर. उंबऱ्याबाहेर उभं राहून द्यायचे आणि निघायचे. "बसा की तात्या" म्हटलं तर "बागेला पाणी धरायचंय" म्हणायचे. पिठल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. दहाव्यांना आता पूर्वीपेक्षा जास्त गर्दी होते, भाषणं लांबली आहेत, आणि मागून कुणी खोकत नाही. लोक एकमेकांना विचारतात, "तात्या दिसत न्हाईत?" पण तात्यांच्या घरी जाऊन बसावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि इतक्या दिवसांनी कुठल्या तोंडानं जायचं, असं वाटून राहिलं असेल. एक वर्ष गेलं, मग दुसरं. आमच्या घरातही असंच राहून गेलं.

या थंडीत पुण्याहून आले तेव्हा मी पहिल्यांदा स्वतः पिठलं केलं. आईनं बघितलं आणि भाकऱ्या थापून दिल्या. तोच डबा घेऊन मी गेले. तात्या ओसरीवर पेरू निवडत होते. मला बघून ते सवयीनं उठले.

"कुणाचं झालं?"

"कुणाचं नाही, तात्या. काकींसाठी आले."

ते आत गेले, सतरंजी आणली आणि भिंतीकडेला अंथरली. मी बसले, तेही बसले. त्यांनी डबा उघडला, झाकणावरच्या उडालेल्या नेलपेंटवरून अंगठा फिरवला आणि समोर ठेवून नुसते बघत राहिले. याही वेळी मी एक वाक्य जुळवलं होतं, पण ते आठवेना.

"तात्या," मी म्हणाले, "वाईट झालंय पिठलं. तरी खा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग भाकरी मोडली, एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.

"गुठळ्या झाल्यात," ते म्हणाले. "मीठबी कमी हाय."

"व्हय," मी म्हणाले.

दुसरा घास हातात तसाच धरून ते रिकाम्या वाटेकडे, जिथं तो बांबू होता तिकडे, बघत राहिले. मग हातानं सतरंजीची राहिलेली घडी मोडून ती लांबपर्यंत सरळ केली.

"सरक जरा," ते म्हणाले. "मागनं माणसं यायचीत."

मी सरकले.