साडूंचं रविवारचं शटडाऊन

बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत आमच्या नात्यागोत्यात असा एकही कॉम्प्युटर नसेल, ज्याचं पोट माझ्या साडूंनी साफ केलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला बदलापूरला, शिरगावात. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी सगळी नोकरी मेन्टेनन्समध्ये काढली. तिथे वर्षातून एकदा सगळा प्लांट बंद करून पाइप आणि टाक्या आतून धुऊन काढत. त्याला शटडाऊन म्हणायचे. निवृत्तीनंतर प्लांट सुटला, शटडाऊन काही सुटलं नाही. आधी मिक्सरची पाळी आली, मग पंख्यांची, आणि शेवटी ते कॉम्प्युटरवर स्थिरावले. आमच्याकडे अंबरनाथला यायचं ठरलं की आधी फोन येई, "पोहे नंतर टाका, मशीन चालू करून ठेवा." चपला काढता काढता विचारत, "काय, तब्येत कशी आहे?" माझी बायको एकदा भाबडेपणाने गुडघ्याचं सांगायला लागली, तर म्हणाले, "तुझी नाही गं, ह्याची!"

मग कॉम्प्युटरचा डबा बाल्कनीत जाई. नाकाला रुमाल बांधून, सायकलच्या पंपाने हवा मारून ते आतली धूळ काढत. पंप त्यांनी आमच्याकडे कायमचा आणून ठेवला होता. धूळ झाली की कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम एकेक करून बंद करत. "एवढे सगळे सकाळी उठून बसतात कशाला? ज्याला काम असेल त्याने उठावं." ह्याचा उपयोग होई, हे मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे आणि मान्य करतो. उल्हासनगर कॅम्प पाचमधला त्यांचा ओळखीचा दुकानदार सांगून थकला, "साईं, नया ले लो, इसमें जान नहीं बची." साडू म्हणत, "जान है. कचरा जादा है."

आमचे मतभेद होते ते ब्राउझरबद्दल. आपण पाहिलेल्या पानांमधली चित्रं आणि बाकी सामान ब्राउझर घरातच ठेवून देतो, म्हणजे पुढच्या वेळी सगळं पुन्हा बाहेरून आणावं लागत नाही. आपण दाराशी छत्र्या ठेवतो, तसंच. ह्याला कॅशे म्हणतात. ते फार साचलं किंवा एखादं पान नीट दिसेनासं झालं, तर पुसावं. साडू ते स्वतःच्या घरी दर रविवारी पुसत, तेही पासवर्डची एक चौकट सोडून दिसतील त्या सगळ्यांवर टिक करून. साहजिकच सोमवारी प्रत्येक पान रांगत येई. मग ते म्हणत, "बघा, आत अजून कचरा आहे," आणि पुन्हा पुसत. पुसल्यावर तेच पान उघडायला दुप्पट वेळ लागतो, हे मी त्यांना समोर बसवून मोजून दाखवलं. त्यांनी माझ्या घड्याळाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हे पण एकदा उघडून द्या माझ्याकडे."

ह्या सगळ्यात ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्याच कॉम्प्युटरवर बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम सुरू केला. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं होतं. आता पन्नाशीत पुन्हा वही उघडली. शेवटची परीक्षा घरूनच द्यायची होती. रविवारी अकराला लॉगिन सुरू, सव्वाअकराला बंद. उशीर झाला तर वर्ष गेलं. नेट अडलं तर मदतीला असावं म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून ताई खुर्चीत येऊन बसल्या. साडू कौतुकाने म्हणाले, "तुझ्यासाठी एकदम कोरं करून ठेवलंय."

पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट होती. इतके दिवस तो ब्राउझरनेच लक्षात ठेवला होता.

"अहो, माझा पासवर्ड?"

"तो... आज मी ती चौकटही टिक केली. तो पण धुतला गेला वाटतं."

नवा मागवला की मोबाइलवर आकडे येणार होते. मोबाइल साडूंचा. नोंदणीत ताईंनी विश्वासाने त्यांचाच नंबर दिला होता. आणि मशीनलाही विश्रांती लागते म्हणून साडू रविवारी तो बंद ठेवत. त्यांनी धावत जाऊन कपाटातून काढून तो चालू केला. नुसतं चाक फिरत राहिलं. "चल बाबा, चल," ते फोनला म्हणत होते. मी उठल्याबसल्या वेळ सांगणारा माणूस, पण तेव्हा मला घड्याळाकडे बघवेना.

ताईंनी आवाज चढवला नाही. "तुमच्या प्लांटमध्ये शटडाऊन कोणाला विचारून घ्यायचे?"

"प्रॉडक्शनला. त्यांना विचारल्याशिवाय आम्ही नटसुद्धा हलवत नसू."

"मग मला विचारलंत?"

साडूंनी मान खाली घातली, आणि तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी आकडे टाकले आणि दार बंद व्हायच्या आत त्या आत गेल्या. परीक्षा संपेपर्यंत साडू जिन्यात उभे होते. पंख्याचा आवाज होईल म्हणून जाताना तोही त्यांनी ताईंना विचारून बंद केला होता.

ताई पास झाल्या. शाळा उघडली की शिरगावातल्याच एका बालवाडीत त्या शिकवणार आहेत, आणि पुढच्या अभ्यासक्रमालाही त्यांनी नाव घातलंय. मध्यंतरी एका रविवारी मी गेलो, तर साडूंनी ओठावर बोट ठेवून दार उघडलं. दुसऱ्या हातात मेथीची जुडी.

"हळू बोला. आत प्रॉडक्शन चालू आहे."

"मग आजचं शटडाऊन?"

"विचारलंय तिला. सांगते म्हणाली." आणि ते पुन्हा मेथी निवडायला बसले.

हल्ली त्यांचं आमच्याकडे येणं कमी झालंय. आमचा कॉम्प्युटर पुन्हा मंदावलाय. कुठल्या चौकटीवर टिक करायची आणि कुठली सोडायची, हे मला चांगलं ठाऊक आहे. दोन मिनिटांचं काम. पण सायकलचा पंप अजून बाल्कनीत उभा आहे, आणि मी हात लावत नाही. ताईंना सुट्टी लागली की ते येतील. तोवर पान उघडायला वेळ लागला, तर लागू दे.